एकच बांधी राहिली

दिघोरी
१९ जुलै १९८१

ती. गोदावरी आत्या,
तुझ्या पायांवर डोके ठेवून लिहिते.

टेप सुखरूप पोहोचला. लाखांदूरपर्यंत एसटीत मी तो मांडीवर, पदराखाली घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, लेकराचं तिकीट?" सगळी गाडी हसली.

निघताना तू म्हणालीस, "ने हा डबा. पोरानं, टेकचंदानं, आणला तेव्हापासून माह्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही." तीन वर्षे तुझ्या घरी राहून, कारध्याच्या पुलावरून रोज भंडाऱ्याला जाऊन मी बी. ए. झाले. तुझ्या घरात, तुझ्या तोंडावर वाद कसा घालणार? म्हणून कागदावर घालते.

आत्या, दोष यंत्राचा नाही. आजवर कोणाचे शब्द उरले? ज्यांना लिहिता आले त्यांचे. माझ्या साक्षरता वर्गात येणाऱ्या जनाकाकूंना अजून स्वतःचे नावही पुरते लिहिता येत नाही, पण त्यांना रोवण्याची किती गाणी येतात! ती कोणी लिहून ठेवली? आता धान रोवताना तरुण मुली सिनेमातलीच गाणी म्हणतात. दहा वर्षांनी आपली गाणी कुठे असतील? हा टेप म्हणजे निरक्षरांची वही आहे. ज्यांना कोणी ऐकत नाही त्यांना तो ऐकवील.

बाबा मला अजूनही धानाच्या एकाही बांधीत उतरू देत नाहीत. "चिखलातच पाय घालायचे होते तर शिकवलं कायले?" म्हणतात. पण मी कडेच्या कोरड्या धुऱ्यावर उभी राहूनच गाणी भरणार आहे. तुझे आशीर्वाद असू देत.

तुझी
अनुसया


कारधा
२८ जुलै १९८१

चि. अनुसयास,
पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. अक्षर आलं, अक्कल अजून रस्त्यात हाय.

पोरी, मी चौथी शिकली, तू पंधरावी. तरी सांगते. तू डबा नेला त्याच्या आधीची गोष्ट हाय. सकाळी माहं अन् सुनेचं भांडण झालं. टेकचंदानं आम्हाले न सांगता ते टेपात भरलं. दुपारी आम्ही दोघींनी बसून वाल सोलले, भांडण सरलं. संध्याकाळी जेवताना त्यानं हसत हसत टेप लावला. शिव्या माह्याच होत्या, पण ताटावर बसून ऐकल्या तर घास उतरेना. सून उठून गेली. सकाळी मेलेलं भांडण त्यानं संध्याकाळी जितं केलं.

तोंडातून निघालेली गोष्ट ज्याच्यासाठी निघाली त्याच्या कानात जाऊन मरते. तिले मरू द्याव. हा डबा मरू देत नाही.

गाणे भरतेस तर भर, मी नाही म्हणत नाही. पण बांधीतलं गाणं बांधीबाहेर नेऊ नको. काहून, ते पत्रात नाही लिहिता येत. आलीस की सांगीन.

अन् एक कळव. बाया अजून "एकच बांधी" म्हणतात काय?

तुही आत्या
गोदावरी


दिघोरी
१६ ऑगस्ट १९८१

ती. आत्या,

म्हणतात! "एकच बांधी" अजून म्हणतात, आणि मी ते भरलेसुद्धा!

काय दिवस होता म्हणून सांगू. बाया गुडघाभर चिखलात रांगेने वाकलेल्या, मी धुऱ्यावर टेपावर छत्री धरून उभी. बाबा दूर मोहाच्या झाडाखाली, नेहमीसारखे आमच्याकडे पाठ करून. आपल्या शेतात एवढी कला चालली आहे आणि बाबांना ऐकायचीही इच्छा नाही, याचे मला वाईट वाटले. जनाकाकू म्हणाल्या, "लावा बाई तुमचा पेटारा," आणि सुरू झाल्या:

एकच बांधी, एकच बांधी, धनी म्हणे वो
दिवस गेला पाण्याखाली, बांधी सरे ना
एकच बांधी, एकच बांधी, धनी म्हणे वो
दुधानं भिजली चोळी माही, लेकरू घरी वो

संपल्यावर मी ते परत लावून ऐकवले. देवकाबाई ओरडल्या, "अगं माय, माहा आवाज कावळीसारखा हाय काय वो?" जनाकाकू म्हणाल्या, "मंग काय कोकिळेचा? तुह्या नवऱ्याले विचार, तो कायले बैलाच्या कोठ्यात झोपते!" हसून हसून दोघी-तिघी चिखलातच बसल्या.

मग जनाकाकू म्हणाल्या, "झालं ना ऐकून? आता मिटवून टाका बाई." मी त्यांना धीर दिला, "घाबरू नका काकू. हे आता कधीच मिटणार नाही." त्या पदराने तोंड पुसून पुन्हा चिखलात वाकल्या. त्यांना भरून आले असावे.

आत्या, या गाण्याचा अर्थ किती खोल आहे! बांधी म्हणजे हे आयुष्य, धनी म्हणजे परमेश्वर. तो म्हणतो आहे, अजून एकच काम उरले. आणि जीव घरच्या ओढीने व्याकूळ. आपल्या निरक्षर बायकांनी हे रचले, आणि गावाला त्याचा पत्ता नाही. तू म्हणतेस बांधीबाहेर नेऊ नको, पण मी नेमके तेच करायचे ठरवले आहे. यंदा गणपतीच्या मंडळाचे अध्यक्ष बाबाच आहेत. लाखांदूरहून भोंगा येणार आहे. मारुतीच्या देवळापुढे साऱ्या गावाला मी हे गाणे ऐकवीन आणि त्याचा अर्थ सांगेन. मग तूच म्हणशील, डबा चांगला.

येशील ना?

तुझी
अनुसया


कारधा
१४ सप्टेंबर १९८१

अनुसया,

तुहं पत्र नाही. सुखरामचं, तुह्या बापाचं, नाही. गणपती बुडाले त्याले दोन दिवस झाले.

भंडाऱ्याच्या बाजारात तुमच्याकडची एक बाई भेटली. मले पाहून तोंडावर पदर घेऊन हसली अन् म्हणली, "काय वो गोदावरीबाई, किती बांध्या राहिल्या?"

काय केलंस, ते लिही. लपवू नको.

आत्या


दिघोरी
२० सप्टेंबर १९८१

ती. आत्या,

तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा फाडले. आता फाडणार नाही.

देवळापुढे सारे गाव बसले होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, आणि समोर खुर्चीवर बाबा, नवी टोपी घालून. मी आधी भाषण केले. आयुष्य, परमेश्वर, जे तुला लिहिले होते ते सगळे. लोक शांत ऐकत होते. मग मी टेप माइकपुढे धरला.

पहिल्याच ओळीला मागे कोणीतरी फिस्सकन हसले. दुसऱ्यांदा "एकच बांधी" आले तेव्हा अंधारातून आवाज आला, "सुखरामभाऊ, आता किती राहिली गा?" आणि सगळे पुरुष हसले. मला कळलेच नाही. गाणे आवडले म्हणून हसत आहेत असे वाटले. मग दुधाची ओळ आली. पुरुष मान वळवून बायांकडे पाहू लागले. जनाकाकूंनी पदर पुढे ओढला तो हनुवटीपर्यंत. बाबा उठले, टोपी सारखी केली, गणपतीला नमस्कार केला आणि निघून गेले. मला वाटले प्रसादाचे बघायला गेले. मी आवाज आणखी मोठा केला.

आत्या, मी आवाज मोठा केला.

घरी आल्यावर आईने सांगितले. "अवो पोरी, कोठचा परमेश्वर? तो धनी म्हणजे तुहा बाप. दिवस बुडाला तरी बाया सोडाच्या जिवावर येते त्याच्या. 'एकच बांधी राहिली, बायांनो,' असं म्हणत म्हणत चांदणी निघते. साऱ्या गावाले ठाव हाय. तुलेच नाही." मला कसे ठाऊक असणार? मी संध्याकाळच्या वेळी कधी शेतात गेलेच नाही. मी कंदिलाजवळ अभ्यास करत असायची.

दुसऱ्या दिवशी जनाकाकू आल्या. ओट्यावर चढल्या नाहीत. विहिरीवर जाताना पोरे त्यांच्या मागे ती दुधाची ओळ म्हणतात. आता त्या नातवंडे असलेल्या बाई! त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही मले 'ज' शिकवला, मी शिकली. मी तुमाले गाणं दिलं. तर तुम्ही मले चौकात उघडी उभी केली. मिटवा म्हणली होती मी." त्या दिवसापासून वर्गात कोणी येत नाही. मी फळा पुसून ठेवते आणि परत येते.

बाबा माझ्यावर एक शब्दही रागावले नाहीत. आईला फक्त म्हणाले, "औंदा कापणीले त्या बाया नको. दुसऱ्या गावच्या पाहतो." म्हणजे माझ्या हौसेपायी या बायांची कापणीची मजुरी गेली.

पण आत्या, तरीही मी तुला विचारते, कारण दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही. भोंग्याने खोटे काय सांगितले? बायांची लेकरे घरी रडत होती हे खरेच ना? मग ते गावाने का ऐकू नये? असे वाटते आणि लगेच बाबांची टोपी सारखी करणारी बोटे दिसतात. मी बाबांना लाज आणली म्हणून मला लाज वाटते, की मला बाबांचीच लाज वाटते, हेच समजत नाही. ताट पुढे आले की वाटते, हा भात कोणत्या वेळेला रोवलेला आहे?

तुझी
अनुसया


कारधा
२ ऑक्टोबर १९८१

चि. अनुसया,

रडून झालं असेल तर नीट वाच. तवा पत्रात लिहिलं नाही, ते आता लिहिते. तवाच लिहिलं असतं तर बरं होतं. मलेही लाज हाय पोरी.

ते गाणं माहं हाय.

मी लग्नाच्या आधी आपल्याच बांधीत रोवत होती. तवा धनी म्हणजे माहा बाप, तुहा आजा. "एकच बांधी राहिली" हे त्याचं बोलणं. सुखराम नांगर धरत होता, तोही गुणगुणायचा. आजा मेला, धुऱ्यावर सुखराम आला. बोलणं तेच राहिलं, गाणंही तेच राहिलं.

आता ऐक. रोवण्यात बाईले वाट्टेल ते म्हणाची मोकळीक असते. धन्याले म्हण, नवऱ्याले म्हण, सासूले म्हण. धन्यानं दूर जाऊन पाठ करून उभं राहाव, अन् ऐकलं नाही असं दाखवाव. माहा बापही त्याच मोहाखाली उभा राहत होता. त्याले ऐकू येते हे बायाले ठाव, बायाले ठाव हाय हे त्याले ठाव. कधी जास्त झोंबलं तर दुसऱ्या दिवशी बाया लवकर सुटत. असं ते चालत होतं. तू म्हणतेस ना, बाबाले ऐकाची इच्छा नाही, म्हणून पाठ केली? ते त्याचं मान देणं होतं.

दुधाची ओळ मात्र माही नव्हती. ती जनाच्या मायची गोष्ट. तिनं माह्या कानात सांगितली, मी पोरसवदा, मी ती गाण्यात घातली. तिनं किती दिवस माह्याशी बोलणं टाकलं. मंग म्हणली, "बाया-बायांत हाय तवरी राहू दे." त्या बोलीवर ती ओळ राहिली. ती बोली तू मोडली. तुले ठाव नव्हतं, पण मोडली.

अन् सुखराम रागात नाही. रागाचा माणूस ओरडते. तो शरमला हाय. बापावरचं गाणं त्यानं सोता गायलं, अन् आता तेच त्याच्यावर वाजलं.

जनाकडे जा. भाषण करू नको. कॅसेट मिटवाची की ठेवाची, तिले विचार. पण मिटवाच्या आधी, जनानं हो म्हटलं तर, एकदा मले ऐकू दे. माहे गुडघे गेले. मी आता बांधी पाहणार नाही.

तुही आत्या


दिघोरी
८ नोव्हेंबर १९८१

ती. आत्या,

बाबांनी कापणीला परगावच्या बाया आणल्या. जनाकाकू आणि बाकीच्या रोज पहाटे आमच्या दारावरून, पदर बांधून, दुसऱ्या गावाला पायी जातात. मी दारात उभी असले तर त्या रस्त्याच्या पलीकडून जातात.

परवा गेले त्यांच्याकडे. त्या सूप घेऊन धान पाखडत होत्या. मी कॅसेट पुढे ठेवली आणि म्हटले, "काकू, चुकले. तुमच्यासमोर मिटवते." त्यांनी पाखडणे थांबवले नाही. म्हणाल्या, "तवा मिटवलं असतं तर मिटलं असतं. आता पोट्टे म्हणतात, त्यांच्या तोंडातून कशी मिटवता?"

मी तिथेच बसून राहिले. मग मी तुझे नाव काढले. तू ऐकायला मागतेस असे सांगितले. त्यांचे हात थांबले. "गोदावरीबाई? तिले अजून आठवते काय?" मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माह्या मायच्या अन् तिच्या तोंडचं ते. तिले द्या. पण सांगा, दार लावून ऐक म्हणाव."

मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "अन् बाई, ते परमेश्वराचं काय सांगत होत्या तुम्ही भोंग्यात? तुमच्या बापाले देव केलं! एवढं तर त्याच्या बायकोनंही नाही केलं." आणि हसल्या. आत्या, त्या हसल्या तेव्हा मला जास्तच लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

टेप आणि कॅसेट टेकचंददादाबरोबर पाठवते आहे. मला तो डबा आता घरात नको.

तुझी
अनुसया


कारधा
३ डिसेंबर १९८१

चि. अनुसया,

दार लावलं. टेकचंदाले बाहेर काढलं. सुनेले जवळ बसवलं, कारण बटनं मले येत नाहीत.

जनाचा आवाज हुबेहूब तिच्या मायचा झाला हाय. मले वाटलं, तीच वाकून उभी हाय बाजूले. पाण्याचा आवाजही आला, धानाचे पऱ्हे चिखलात खोवतानाचा. पुन्हा लाव म्हणली. सून म्हणते, "मामीजी, डबा तर तुमाले आवडत नव्हता?" म्हटलं, चूप बस अन् लाव.

आता तू नीट ऐक. तू भरलंस, पण ऐकलं नाहीस. गाणं सरल्यावर दुरून एका माणसाचा आवाज हाय. "एकच बांधी राहिली, बायांनो!" बाया फिदीफिदी हसतात. अन् मंग तो माणूस हसते. बारीक हाय, पण हाय. तो सुखराम हाय. ऐकूनसवरून मुद्दाम म्हणला, अन् हसला.

म्हणजे बांधीत तो हसत होता पोरी. त्याले गाणं झोंबत नव्हतं असं नाही. पण हसता येत होतं.

तू वाद घातला होतास. मीही घातला. आता काय सांगू? हा डबा नसता तर जनाच्या मायचा आवाज मले मरेपर्यंत ऐकू आला नसता. डबा वाईट नाही, आंधळा हाय. समोर कोण बसलं हाय ते त्याले दिसत नाही. तुले दिसत होतं.

हे पत्र सुखरामले वाचून दाखव.

तुही आत्या


दिघोरी
८ ऑगस्ट १९८२

ती. आत्या,

मधे किती महिने पत्र नाही, रागावू नकोस. लिहिण्यासारखे काही हातात नव्हते. आता आहे.

तुझे पत्र मी बाबांना हिवाळ्यातच वाचून दाखवले होते. ते शेकोटीत काडी टोचत राहिले. मग म्हणाले, "गोदीले हसणं ऐकू आलं?" आणि काडी विस्तवात टाकून, "हसलो होतो खरा. बांधीत हसता येते वो पोरी. चौकात नाही हसता येत." इतकेच.

पऱ्हे रोवण्याजोगे झाले तेव्हा बाबा स्वतः जनाकाकूंकडे गेले. काय बोलले ते कोणी सांगितले नाही. बाया आल्या. बाबा आता सूर्य टेकला की मोहाखालून ओरडतात, "सरलं आजचं!" आणि एक बांधी खरोखरच तशीच सोडून देतात. पहिल्या दिवशी बायांना ते खरे वाटेना, त्या वाकलेल्याच राहिल्या.

पण गाणे नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता चिखलाचा आवाज. चौथ्या दिवशी बाबांना राहवेना. धुऱ्यावर येऊन म्हणाले, "म्हणा ना वो काहीतरी." जनाकाकूंनी कंबर सरळ केली, हात जोडले, आणि सगळ्या बायांनी मिळून गणपतीची आरती म्हटली. पूर्ण. बाबा हात जोडून उभे राहिले, आरती संपेपर्यंत त्यांना हलता येईना. घरी आले ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बांधीत उतरले. बाबांनी अडवले नाही. देवकाबाईंनी मला पऱ्हे धरायला शिकवले. माझी रांग सापासारखी वाकडी गेली. कंबर अशी दुखली की संध्याकाळी सरळ उभे राहता येईना, आणि तेव्हा मला कळले की सूर्य टेकल्यावरची एक बांधी म्हणजे काय असते. मी रांगेत होते तोवर बाया माझ्याशी बोलल्या, तंबाखूही पुढे केली, थट्टा केली. पण गायल्या नाहीत. मी असेपर्यंत गाणार नाहीत हे मला कळले होते. रोज वाटायचे, या शेतातले गाणे मी मारले.

काल दुपारी मी पाय धुवायला बोडीच्या पाण्याकडे निघाले. अर्ध्या वाटेवर असेन, तोच मागून जनाकाकूंचा आवाज चढला. चाल जुनीच, शब्द नवे. मग बाकीच्यांचा, मग हसण्याचा फवारा. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, नीट ऐकू येत नव्हते. फक्त "भोंगा" आला, आणि "बी. ए." आले, आणि दोन्हींच्या मधे काहीतरी असे होते की देवकाबाई हसताना खोकू लागल्या.

आत्या, माझे कान जळत होते. वळून बघावे असे फार वाटले. आणि खरे सांगते, क्षणभर टेपचीही आठवण झाली.

मोहाचे झाड जवळच होते. बाबा तिथे उभे होते, पाठ करून. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, मीही पाठ केली. बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. छत्री थोडी माझ्याकडे सरकवली. गाणे संपेपर्यंत आम्ही दोघे समोरच्या रिकाम्या धुऱ्याकडे बघत राहिलो, काही ऐकू येत नसल्यासारखे.

तुझी
अनुसया